पदवीनंतरची शाळा

मी डॉक्टर नाही. वाशीमसारख्या जिल्ह्यात राहून आरोग्याच्या प्रश्नांवर मिळेल ते वाचत, टिपत आलो आहे. त्यातून एक प्रश्न कायम पडतो : तीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या डॉक्टरचे ज्ञान आज ताजे आहे, हे रुग्णाने कसे ओळखावे?

नियमाचे उत्तर सोपे आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे ॲलोपॅथीच्या डॉक्टरला दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त परिषदा, कार्यशाळांतून 30 गुण जमवावे लागतात. पण हे गुण बहुतांशी हजेरीचे असतात. ऐकलेले उपचारात उतरले का, ते त्यातून कळत नाही.

आणि उपचार तर बदलत राहतात. लाल विंचवाच्या दंशाचेच पाहा. विषामुळे रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्याच बावस्करांनी 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवले, की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिले तर रुग्ण लवकर सावरतो. मधल्या काळात शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरला हे पुस्तकात कुठून मिळणार?

आपल्या शेजारच्या यवतमाळात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकावर ॲट्रोपिन हा उतारा आहे. डायफेन्थियुरॉनवर असा खास उतारा नाही. शिवाय शेतात दोन-तीन औषधे एकत्र करून फवारली जातात. म्हणून ‘काय फवारले? डबा आणलात का?’ हा प्रश्न तपासणीइतकाच महत्त्वाचा ठरतो. दुकानात नवे कीटकनाशक आले, की डॉक्टरचा अभ्यासक्रमही वाढतो.

वाशीमला 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे विद्यार्थ्यांबरोबर जिल्ह्यातले डॉक्टरही शिकावेत, असे मला वाटते. मृगाआधी सर्पदंश, विंचूदंश आणि विषबाधेवर एकेक दिवस ठेवावा. व्याख्यान थोडे, प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींवर चर्चा जास्त. खेड्यात रुग्ण आधी पोचतो तो बहुधा आयुर्वेद वा होमिओपॅथीच्या डॉक्टरकडे. त्यालाही तिथे बोलवावे. कारण रुग्णाला वेळेत पुढे पाठवायचे की नाही, हे बहुतेक वेळा तोच ठरवतो.