आम्लाला आवर घालणारे पान

निपाणी म्हटली की तंबाखूच्या वखारी आठवतात आणि बेळगाव म्हटले की उद्यमबागेतील ओतशाळा. हे पान आणि ते पोलाद यांचे एक नाते रसायनशास्त्राने दाखवून दिले आहे. सीमाभागातील आमच्या वाचकांस ते सांगावेसे वाटते.

पोलादावर मुलामा चढविण्यापूर्वी त्यावरील गंज व भट्टीत धरलेली काळी खपली काढावी लागते. त्यासाठी वस्तू हायड्रोक्लोरिक वा सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत बुडवितात. खपली निघते खरी. परंतु तेवढ्याने आम्लाची भूक भागत नाही. ते खालचे चांगले लोखंडही खाऊ लागते. हायड्रोजनचे बुडबुडे उठतात. त्यातील काही वायू पोलादात शिरतो आणि कणखर स्प्रिंग ठिसूळ होऊन पुढे अवचित मोडते. बुडबुड्यांसवे उडणारे आम्लाचे तुषार कामगाराच्या छातीत जातात. हानी धातूची, तशीच माणसाचीही.

यावरील उपाय म्हणजे टाकीत अल्पसे सेंद्रिय द्रव्य मिसळणे. १८९५ साली बाल्डविन यांनी घेतलेल्या ब्रिटिश पेटंटात याकरिता चक्क मळी व वनस्पतिजन्य तेले सुचविली होती. आपल्या ऊसपट्ट्यातील वाचकांस मळीची ओळख काय करून द्यावी! पुढे हेक्झामिन, थायोयुरिया अशी संयुगे प्रचारात आली. त्यांतील नायट्रोजन वा गंधकाच्या अणूपाशी इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी असते. तिच्या आधारे रेणू उघड्या लोखंडाला बिलगतो आणि त्यावर पातळ पडदा धरतो. खपली विरघळते, लोखंड मात्र बचावते.

तंबाखूतील निकोटिनच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात. तंबाखूच्या अर्काने पोलादावरील आम्लाचा मारा मंदावतो, असे प्रयोगशाळांतून दिसून आलेही आहे. ज्या पानाच्या भावासाठी १९८१ साली निपाणीत शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, ज्याच्या विड्या वळताना असंख्य भगिनींची बोटे झिजली आणि ज्याच्या धुराने कित्येक घरांतील कर्ते पुरुष नेले, त्या पानाच्या टाकाऊ काड्यांना व भुकटीला असे निरुपद्रवी काम मिळावे, असे कोणास वाटणार नाही?

तथापि उतावीळ होऊन चालणार नाही. टाकी तापली की असा पडदा पुष्कळदा सैल पडतो, अर्क नासतो, प्रत्येक पिकातील निकोटिनचे प्रमाणही सारखे नसते. शिवाय निकोटिन हे विष आहे आणि ते कातडीतूनही अंगात भिनते. म्हणून हा घरगुती प्रयोग नव्हे.

पण बेळगावात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, कारखाने आहेत आणि निपाणीची वखार काही दूर नाही. या तिघांची गाठ घालून देणारा एखादा अभ्यासू तरुण आमच्या वाचकांच्याच घरांतून निघावा, एवढीच आमची इच्छा.