कातळ, छिन्नी आणि रासायनिक बंध

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट ज्या काळ्या कातळातून चढते, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. घाटमाथ्यावरील सातवाहनकालीन लेणेही याच कातळात खोदलेले आहे. अशा स्थायूंचे गुणधर्म रासायनिक बंधांमुळे, म्हणजे अणूंना एकत्र धरून ठेवणाऱ्या आकर्षणामुळे ठरतात, हे खरे असले तरी त्याबाबत काही चुकीच्या समजुती रूढ आहेत.

गैरसमज १ : पाणी जसे सुट्या रेणूंचे, तसाच दगडही.

वस्तुस्थिती : बेसॉल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या मुख्य खनिजांत सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात आणि या चौकड्या सामाईक ऑक्सिजनने जोडल्या जाऊन पायरॉक्सिनमध्ये साखळ्या, तर फेल्डस्पारमध्ये त्रिमितीय जाळे तयार होते, त्यामुळे दगडाचा वेगळा काढता येईल असा रेणूच नसतो. बर्फ वितळताना रेणूंमधले दुबळे हायड्रोजन बंध सैल होतात, रेणू मात्र अखंड राहतात, म्हणून त्याला शून्य अंश सेल्सिअस पुरते. बेसॉल्ट वितळायला साधारण हजार ते बाराशे अंश लागतात.

गैरसमज २ : बंध एकतर आयनिक असतो, नाहीतर सहसंयुज.

वस्तुस्थिती : इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन बनलेल्या विरुद्ध प्रभारांच्या आकर्षणाने साधणारा आयनिक बंध मिठात, तर इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीतून होणारा सहसंयुज बंध हिऱ्यात ठळक दिसतो, परंतु लायनस पॉलिंग यांच्या विद्युतऋणतेच्या, म्हणजे अणूच्या इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या क्षमतेच्या, मापनश्रेणीनुसार सिलिकॉन-ऑक्सिजन बंध सुमारे निम्मा आयनिक ठरतो.

गैरसमज ३ : बंध बळकट म्हणजे दगड फुटणे अवघड.

वस्तुस्थिती : कठीणपणा म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध, तर चिवटपणा म्हणजे तडा पसरण्याला होणारा विरोध, आणि हे दोन्ही गुण एकत्र येतातच असे नाही. पोलादी छिन्नीत धात्विक बंध असतो, म्हणजे इलेक्ट्रॉन साऱ्या अणूंत सामाईक असल्याने अणूंचे थर एकमेकांवरून सरकूनही बंध टिकतो आणि घावाने छिन्नीचे डोके चेपते, फुटत नाही. दगडातील दिशाबद्ध बंधांना अशी सरक मानवत नाही. घावाचा सारा ताण बारीक भेगेच्या टोकाशी एकवटतो, तेथील बंध एकामागून एक तुटतात आणि तडा धावतो. ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेच्या अभ्यासातून हेच दाखवले, आणि पाथरवटाचे सारे कसबही भेगेला दिशा देण्यातच असते.

गैरसमज ४ : कातळ कधीच बदलत नाही.

वस्तुस्थिती : पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनते, त्यातील हायड्रोजन आयन खनिजांतील सोडियम व कॅल्शियम यांची जागा घेतात, जाळे उसवत जाते आणि फेल्डस्पारचे मातीतल्या खनिजांत रूपांतर होते, तर लोहाचे ऑक्सिडीभवन झाल्याने मुरमाला तांबूस रंग येतो.

म्हणूनच जोत्यासाठी वा पाट्यासाठी दगड पारखताना त्याचा कठीणपणा तेवढा पाहून भागत नाही. त्यातील भेगा आणि झिजेच्या खुणाही तपासाव्या लागतात.