वैमानिकांची तालीम आणि संगणकाची उस्तादी

माल बिघडवल्याशिवाय हुनर हाती येत नाही, हे आमच्या कारागीर बंधूंना सांगायला नको. शिंप्याच्या शागिर्दाने कापड चुकीचे कापले तर नुकसान कापडापुरते राहते. लढाऊ विमान शिकणारा चुकला तर विमान जाते आणि जीवही जातो. म्हणून शिकाऊ वैमानिकाला जमिनीवरच चुकू कसे द्यावे, हा प्रश्न जुना आहे.

त्यावरचा पहिला मोठा तोडगा एका वाद्यांच्या कारखान्यातून निघाला. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते व पंप वापरून लिंक यांनी १९२९ साली जमिनीवरच डोलणारे नकली विमान तयार केले. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांचे. १९३४ साली टपाल नेण्याचे काम अमेरिकेच्या लष्करी विमानदलाकडे आले आणि खराब हवामानात अनेक वैमानिक मरण पावले. तेव्हा कुठे लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात तर लाखो वैमानिक या यंत्रावर शिकले.

आता अशा यंत्राला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड मिळाली आहे. अमेरिकेच्या हवाई दलाने २०१८ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे एक प्रयोग केला. डोळ्यांवर संच चढवला की शिकणाऱ्यासमोर आकाश व धावपट्टी उभी राहते. त्याची नजर कोठे जाते, हात कसा चालतो, ताण किती येतो याची नोंद होते. कोणता धडा पुन्हा द्यायचा, हे प्रत्येकाच्या नोंदीवरून ठरवता येते. सर्वांना एकाच गतीने हाकावे लागत नाही. खऱ्या विमानातील उड्डाणे अर्थातच चालू होती. एरवी सुमारे वर्ष लागणारे शिक्षण सुमारे सहा महिन्यांत आटोपले आणि २० पैकी १३ जणांना वैमानिकाचा बिल्ला मिळाला.

यंत्र प्रतिस्पर्धी म्हणूनही उभे राहते. ऑगस्ट २०२० मध्ये संगणकावरील नकली हवाई लढतीत अशा एका प्रणालीने एफ-१६ च्या अनुभवी वैमानिकाला पाच-शून्य हरवले. असा तगडा जोडीदार सरावाला मिळणे हा फायदाच आहे.

परंतु या विजयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शत्रूचे विमान नेमके कोठे आहे, याची पूर्ण माहिती त्या प्रणालीला आयती मिळत होती. शिवाय ती समोरासमोर येऊन अगदी जवळून गोळीबार करी. खऱ्या सरावात टक्कर टाळण्यासाठी अशा चालीला मनाई असते. यंत्राला मरणाचे भय नाही. शिकाऊ वैमानिकाने ती चाल जशीच्या तशी उचलली तर काय होईल, हे सांगायला नको. कोणती चाल घ्यायची आणि कोणती सोडायची, हे अनुभवी शिक्षकानेच सांगितले पाहिजे.

पेढीवर मुनीम वही चोख लिहितो, पण सौद्याची जोखीम मालकाचीच असते. उद्या आमच्या कारखान्यांतही शिकवणारी यंत्रे येतील. ती जरूर पाहावीत. मात्र विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत. यंत्र शागिर्दाची चूक दाखवते का? आणि यंत्रच चुकले तर ते ओळखणारा उस्ताद जवळ आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पैसे मोजण्याची घाई करू नये, असे आम्हाला वाटते.