गायरानावर फुकट मुक्काम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत केंद्र सरकारच्या ताब्यातल्या बहुतेक मोकळ्या कुरणांवर स्वतःची मुक्कामगाडी उभी करून साधारण १४ दिवस फुकट राहता येते. त्याच्या चित्रफिती पाहून आपल्याकडचे तरुणही गाडीत गादी, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून निघू लागले आहेत. लातूर जिल्ह्यातल्या उदगीर, देवणी, जळकोट परिसरातले बालाघाटाचे माळ दिसले की त्यांना वाटते, इथे कोण विचारणार? पण या माळांवर, विशेषतः गायरानांवर, आधीपासून कुणाचा तरी हक्क आहे. तो समजून घेतल्याशिवाय तिथे चाक थांबवू नये.

गैरसमज १: गायरान म्हणजे बेवारस जमीन.
वस्तुस्थिती: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार कुणाच्याही खासगी मालकीची नसलेली जमीन शासनाची असते. त्यातली काही जमीन कलम २२ खाली गावच्या जनावरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवता येते. तिची नोंद सातबाऱ्यावर असते आणि रोजची देखरेख गाव करते.

गैरसमज २: सरकारी जमीन सगळ्यांचीच, मग परवानगी कशाला?
वस्तुस्थिती: कलम २३ चराईचा हक्क फक्त त्या त्या गावच्या जनावरांना देते. शेजारच्या गावच्या गुरांनाही तो आपोआप मिळत नाही, तर पुण्या-मुंबईच्या गाडीला कुठून मिळणार? अमेरिकेतला मुक्काम तिथल्या खात्यांच्या लेखी नियमांवर चालतो. आपल्याकडे राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, पण गायरानावर हवे तिथे राहण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

गैरसमज ३: एका रात्रीने गावाचे काय बिघडते?
वस्तुस्थिती: मराठवाड्यात गायरान हा पोटाचा प्रश्न आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी १९५९ आणि १९६४ मध्ये जमिनीसाठी सत्याग्रह केले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग खुला केला. तरी अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे कसत असलेली जमीन अजून त्यांच्या नावावर नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. अशा ठिकाणी अनोळखी गाडी उभी राहिली की ‘मोजणीवाले आले काय’ ही धास्ती वस्तीत पसरू शकते.

गैरसमज ४: धनगर तर कुठेही उतरतात.
वस्तुस्थिती: मेंढ्या कुणाच्या रानात बसवायच्या, किती रात्री, बदल्यात मेंढपाळाला धान्य की पैसे, हे शेतकऱ्याशी बोलून ठरते. लेंडीखताने त्याचे रान सुधारते आणि मेंढपाळाला रात्रीचा तळ मिळतो. भटकंतीच्या मुक्कामाची आपली रीत हीच आहे: आधी विचारायचे, काही द्यायचे, मग उतरायचे.

गैरसमज ५: माळ पडीक असतो, गाडी फिरवली तरी चालते.
वस्तुस्थिती: देवणी हा देखणा गोवंश याच भागातला. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे त्याचे तीन प्रकार. पिढ्यान्‌पिढ्या ही गुरे याच भागातल्या माळांवर चरत आली. दख्खनच्या गवताळ माळांवर लांडगा, खोकड आणि काळवीट राहतात. टिटवी आणि धाविक तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. चाकाखाली गेलेले घरटे चालवणाऱ्याला दिसतही नाही. गवतातून गाडी घालू नका, रुळलेल्या वाटेवरच थांबा.

गैरसमज ६: रात्री खरी भीती लांडग्याची.
वस्तुस्थिती: लांडगा सहसा माणसाला टाळतो. खरा धोका आगीचा. हिवाळ्यानंतर गवत वाळून कोरडे झालेले असते आणि शेकोटीची एक ठिणगी वर्षाचा चारा जाळू शकते. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेली गाडी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. पाणी सोबतच आणा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तो हा लातूर जिल्हा. इथल्या हातपंपावर टाकी भरून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या घागरीतले पाणी घेणे.

मग राहायचे कसे? दिवस मावळायच्या आत गावात पोहोचा. सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटून नाव, गाडीचा क्रमांक आणि मुक्काम किती ते सांगा. गायरानाऐवजी एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यावर किंवा आखाड्यावर जागा मागा, त्याचे पैसे द्या. भाकरी आणि दूध तिथेच विकत घ्या. शेगडी गाडीतच पेटवा, कचरा आणि सांडपाणी परत न्या. गावाने ‘नको’ म्हटले तर वाद न घालता पुढे निघा. या माळांवर आधी हक्क गावच्या गुरांचा आणि गरिबांचा आहे. पाहुण्याने तो मान्य करूनच मुक्काम मागावा.