दुधातून येणारा विषाणू

मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळत असे. १९७१ साली ‘नेचर’मध्ये एक निबंध आला : त्यांच्यापैकी काहींच्या दुधात विषाणूसारखे कण दिसले होते. मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट या त्याच्या लेखकांपैकी एक. मग हा रोग आईच्या दुधातून येतो की काय?

ही शंका आली उंदरांवरून. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी, हा रोग नेहमी होणाऱ्या जातीची नवजात पिल्ले रोग क्वचितच होणाऱ्या जातीच्या दूधआईकडे दिली. मोठेपणी त्यांच्यात कर्करोग फारच कमी झाला. कारण दुधात होते. पुढे तो विषाणू ठरला.

तो शरीरात शिरतो कसा? आतड्याच्या अस्तरात संरक्षक पेशींचे पुंजके असतात. तेथील एम-पेशी आतड्यातील कण आत ओढून संरक्षक पेशींपुढे ठेवतात. त्याच वाटेने विषाणू बी-पेशींत घुसतो. बाधित बी-पेशी विषाणूचे एक प्रथिन पृष्ठभागावर मांडते. त्याने टी-पेशी चेतवल्या जातात, आणि त्यांच्या मदतीने बाधित बी-पेशीच भराभर वाढतात! या पेशींबरोबर विषाणू स्तनग्रंथीत पोचतो, तेथून दुधात. त्या प्रथिनाला प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशी नसलेल्या उंदरांत संसर्ग फारसा पसरत नाही.

माणसाचे काय? एच.आय.व्ही. दुधातून बाळाला होऊ शकतो. आईने नियमित औषधे घेतल्यास तो धोका फार कमी होतो. स्तनांचा कर्करोग मात्र दुधातून येतो असे सिद्ध झालेले नाही. कण दिसणे म्हणजे कारण सापडणे नव्हे. या भीतीने बाळाचे दूध तोडण्याचे कारण नाही, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.