तीनने भाग जातो, पण ब्राउझरला पटत नाही

आज एकच संख्या घेऊन बसूया: ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९३. वही काढा आणि सगळ्या अंकांची बेरीज करा. ७८ येते. ७८ला तीनने भाग जातो, म्हणजे शाळेतल्या कसोटीप्रमाणे आपल्या संख्येलाही जातो. आता ब्राउझरचा कन्सोल उघडा, स्वल्पविराम काढून हीच संख्या टाका आणि तीनने भागल्यावर बाकी किती ते विचारा. उत्तर येतं २.

वही बरोबर आहे. जावास्क्रिप्टने भागाकारही बरोबरच केलाय, फक्त तुम्ही दिलेल्या संख्येचा नाही. शेवटचा ३ त्याने आधीच २ करून टाकला.

ही संख्या म्हणजे २चा ५३वा घात अधिक १. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ६४ बिटांत बसतो: १ बिट चिन्हाला, ११ घातांकाला, ५२ खुद्द आकड्याला. त्या ५२च्या आधी एक १ न लिहिता धरलेला असतो, म्हणून ५३. २च्या ५३व्या घातापर्यंत प्रत्येक पूर्णांक नीट मावतो. तिथून ५४व्या घातापर्यंत फक्त सम संख्या. विषम आली की शेजारच्या समवर ढकलली जाते. आणि दर वेळी खालीच असंही नाही! शेवटी ९९३ असेल तर ९९२ होतं, पण ९९५चं ९९६. दोन शेजाऱ्यांच्या बरोब्बर मध्ये अडकली की ज्याचा साठवलेला शेवटचा बिट शून्य, त्याच्याकडे ती जाते.

आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा हिशोब करतो कोण? हिशोब नाही हो, आयडी! डेटाबेसमध्ये ६४ बिटांचा पूर्णांक १९ अंकांपर्यंत आरामात जातो. समजा, दोन पेशंटचे आयडी ९९२ आणि ९९३ने संपतात. सर्व्हरने ते जेसनमध्ये नंबर म्हणून पाठवले, की ब्राउझरमध्ये दोघांचा आयडी एकच. एरर नाही, वॉर्निंग नाही. दुसऱ्याचा रिपोर्ट उघडायला गेलात की पहिल्याचा उघडतो. ट्विटरने २०१०मध्ये मोठे आयडी आणले तेव्हा याच कारणासाठी प्रत्येक आयडी मजकूर म्हणूनही द्यायला सुरुवात केली.

माझं मत विचाराल तर आयडी हा नंबर नाहीच. मोबाइल नंबरांची आपण कधी बेरीज करतो का? मग अवतरणचिन्हांत पाठवा. खरंच गणित करायचं असेल तर २०२०पासून जावास्क्रिप्टमध्ये अधिकृतपणे बिगइंट आहे: संख्येला चिकटून इंग्रजी एन लिहा. तीनच्या मागेही एन हवा, नाहीतर एरर येते. मग बाकी शून्य येते.