बांधलेला पगार आणि स्वतःचा धंदा

घरातील कर्ता मुलगा एके दिवशी रात्रीच्या जेवणानंतर हळूच विषय काढतो, की ही नोकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू करावा असे मनात आहे. आणि त्या घरातील शांतता तेथेच संपते. आई डोळ्यांस पदर लावते. वडील हप्त्यांची, बहिणीच्या लग्नाची, म्हातारपणाच्या पेन्शनची आठवण देतात. मुलगा त्यांना भित्रे ठरवितो, वडील त्याला उनाड ठरवितात. आमच्या मते दोघांचेही बोलणे अर्धेच असते. आणि उरलेला अर्धा भाग पाहावयाचा असल्यास बेळगावच्या मातीतच वाढलेल्या एका गृहस्थाचे उदाहरण आम्हांला पुरेसे वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस ओळखता येईना. रंग सुटले, पण रेषा हातात राहिली. ते यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. त्या काळी अशी नोकरी लागणे म्हणजे घराण्याचे भाग्य उजळणे होते.

ती त्यांनी सोडली, कारण त्यांच्या हक्काची बढती त्यांना न मिळता दुसऱ्यास मिळाली. ही हकिगत पुष्कळांनी सांगितली आहे, आणि ती सांगताना त्यांच्या स्वाभिमानाचे कौतुकही होते. कौतुक योग्यच आहे. परंतु अपमान कोणाच्या वाट्यास येत नाही? साहेबाच्या एका शब्दाने दुखावून राजीनामा फेकणारे आणि सहा महिन्यांनी त्याच साहेबाच्या दाराशी उभे राहणारे आम्ही पाहिले आहेत. लक्ष्मणरावांचे तसे झाले नाही, याचे कारण राजीनाम्याच्या आधीच्या वर्षांत शोधले पाहिजे.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली, ती स्वतः चालविण्यास शिकले, आणि पुढे मुंबईत सायकली घेऊन बेळगावास धाडू लागले. तेथे त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकीत. किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी आपला आरंभ १८८८ पासून मोजते, तो या दुकानाच्या हिशेबाने. म्हणजे शिक्षकाने खडू खाली ठेवला तेव्हा बेळगावात दुकान उभे होते, गिऱ्हाईक ओळखीचे होते, आणि गल्ल्यावर विश्वासाचा माणूस बसला होता. शिवाय पगार घेताघेता यंत्रशाळेतील एकेक यंत्र कसे चालते हे त्यांनी पाहून ठेवले होते. नोकरीने त्यांना पगाराहून अधिक जे दिले, ते हेच.

इतके असूनही पुढील वाट सोपी नव्हती. बेळगावात त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. शेतकऱ्यांची समजूत अशी, की लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते! आज आपणांस हसू येते. पण ज्याच्या पोटाचा आधार तीन एकर जमीन, त्याने नव्या वस्तूस भ्यावे यात नवल कोणते? पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. दोन वर्षे! या काळात घरची चूल नांगरावर पेटली नसणार, हे उघड आहे. दुसऱ्या उद्योगाचा आधार होता म्हणून नांगर वाट पाहू शकला.

पुढे बेळगावची कारखान्याची जागा नगरपालिकेस हवी झाली आणि बिऱ्हाड मोडावे लागले. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ देऊ केला. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. नंतर स्टेशनलाही तेच नाव मिळाले. बेळगावात किर्लोस्कर रोड अद्याप आहे, पण त्यावरून जाणाऱ्या कितीजणांस सायकलींचे ते दुकान ठाऊक असेल, कोण जाणे.

कोणी म्हणेल, सर्वांनाच राजाचा आश्रय कोठून मिळणार? खरे आहे, मिळत नाही. परंतु राजाची भेट पुष्कळ पुढची. प्रथम होते ते रामुअण्णा. म्हणून मुलाने विषय काढला, तर वडिलांनी ‘हिंमत आहे का?’ असे विचारू नये. हिंमत तरुणाजवळ असतेच. त्यांनी विचारावे: या धंद्यातील पहिला पैसा नोकरीत असतानाच मिळविला आहेस काय? एक वर्ष काहीच खपले नाही तर घरखर्च कशातून चालेल? दुकानावर तुझ्यामागे कोण बसेल? आणि वडिलोपार्जित शेत गहाण टाकण्याचा बेत असेल, तर तो आईस सांगितला आहेस काय? कागदावर अंगठा किंवा सही बहुधा तिचीही लागते, आणि तिला ते सर्वांत शेवटी कळते. या प्रश्नांची उत्तरे मुलाने वहीत मांडून आणली, तर ती वही घरातील सर्वांनी एकत्र बसून वाचावी. सूनबाईंनाही बोलावावे, कारण महिन्याचे धान्य किती लागते हे त्यांनाच नेमके ठाऊक असते.